काटा कुणाच्या हातात

दिवाळीनंतर आमच्या आंजी गावच्या वावरांत वेचणी सुरू झाली की संध्याकाळी धुऱ्यावर एक ठरलेलं दृश्य असतं. दिवसभर पऱ्हाटीत वाकलेल्या बाया आपापली गाठोडी घेऊन उभ्या राहतात. कास्तकार किंवा त्याचा माणूस काटा धरतो, आकडा वाचतो, कुणीतरी तो वहीत मांडतो. वेचणीची मजुरी किलोवर, त्यामुळे सगळा जीव त्या आकड्यात. बाई आकडा ऐकते आणि गाठोडं सोडते. काटा तिच्या हाती क्वचितच येतो. हे मी लहानपणापासून पाहत आले. म्हणून असेल, ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा नावातल्या 'तुलना' या शब्दापाशीच मी थांबले. आपण तो शब्द आता इतका सहज वापरतो की त्यातली तागडी दिसेनाशी झाली आहे.

तुलना म्हणजे तुलेवर घालणं. जुन्या धर्मशास्त्रात तुलेचा एक उपयोग खरं-खोटं ठरवण्यासाठीही होता. आरोप असलेल्या माणसाला पारड्यात बसवायचं, समोरच्या पारड्यात दगड-माती घालून तोलायचं, उतरवून पुन्हा तोलायचं, आणि वजनात पडलेल्या फरकावरून दोषी की निर्दोष ते सांगायचं. याज्ञवल्क्यस्मृतीत हे तुलादिव्य ज्यांच्यासाठी सांगितलं आहे त्यांत स्त्रिया आहेत, लहान मुलं, म्हातारी, आंधळी, पांगळी माणसं आहेत. ताराबाईंच्या मनात हे दिव्य होतं असं मी म्हणत नाही. पण त्यांनी काय केलं ते या चित्रावरून मला नेमकं कळतं. स्त्री पारड्यात बसलेलीच होती, युगानुयुगं. ताराबाईंनी समोरच्या पारड्यातली माती काढली आणि तिथे पुरुषाला बसवलं. काटा मात्र स्वतःच्या हातात घेतला.

पुस्तक १८८२ चं. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलेलं, ५०० प्रती, किंमत ९ आणे. लेखिका बुलढाण्याची. वडील बापूजी हरी शिंदे तिथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. बुलढाणा तेव्हा वऱ्हाडात आणि आमचा वर्धा जिल्हा मध्य प्रांतात, पण पऱ्हाटी दोन्हीकडे तीच, आणि बोलीही पुष्कळशी तीच. लिहायला निमित्त झालं सुरतेच्या एका खटल्याचं. विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला १८८१ मध्ये बालहत्येसाठी फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती शिक्षा कमी झाली. मधल्या काळात वर्तमानपत्रांतून बायकांच्या चालचलणुकीवर भरपूर लिहिलं गेलं. 'पुणेवैभव'मधल्या अशा लिखाणाने ताराबाई पेटून उठल्या.

इथे पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची. ताराबाई विजयालक्ष्मीचं वकीलपत्र घेत नाहीत. तिनं केलं ते बरं की वाईट, या वादात त्या फार वेळ घालवतच नाहीत. त्यांची हरकत आहे ती एका बाईच्या गुन्ह्यावरून सगळ्या बाईजातीचा स्वभाव ठरवण्याला. एकीनं केलं की 'बायका अशाच', एकानं केलं की 'तो तसा'. पुरुषाचा दोष त्याच्या एकट्याच्या नावावर राहतो आणि बाईचा सगळ्या जातीच्या खात्यावर चढतो, ही लबाडी त्यांनी ओळखली. ज्याला आज विद्यापीठात 'लिंगभाव' म्हणतात त्या विचाराचं बी इथे आहे. शरीरावरून स्वभाव काढायचा, आणि मग त्या स्वभावाकडे बोट दाखवून वागणुकीचे नियम घालायचे. हा हिशोब त्यांनी बुलढाण्यात बसून, घराच्या चार भिंतींत राहून मांडला.

पुस्तकाचं पूर्ण नाव लांबलचक आहे. स्त्रिया आणि पुरुष यांच्यात साहसी कोण, हे स्पष्ट करून दाखवण्यासाठी हा निबंध, असं त्यात सांगितलं आहे. आजचा वाचक 'साहसी' शब्दाला फसतो. आज साहस म्हटलं की शिवाजी महाराजांचे मावळे आठवतात, डोंगर चढणाऱ्या मुली आठवतात. जुन्या धर्मशास्त्रात 'साहस' हे गुन्ह्यांच्या एका वर्गाचं नाव होतं: जबरदस्तीनं, मागचापुढचा विचार न करता केलेलं दुष्कृत्य. स्त्रियांच्या अंगभूत दोषांच्या संस्कृत याद्यांतही साहस असायचंच. ताराबाई तोच शब्द उचलून शीर्षकात ठेवतात आणि प्रश्न विचारतात, साहसी कोण? शब्द पुरुषांचा, निवाडा आमचा. पुढे बायकांवरचे आरोप एकेक करून घेतात आणि प्रत्येकापाशी थांबून विचारतात की हेच पुरुषाला लावून पाहिलं तर किती भरेल. कपट कुणाचं जास्त, संशय कुणाचा जास्त, लोभ कुणाचा. दर वेळी पारडं खाली जातं ते पुरुषाचं. वाचताना मला धुऱ्यावरचा काटा दिसत राहतो, फक्त धरणारा हात बदललेला.

या तोलण्याला खरी धार येते ती विधवेच्या प्रकरणात. नवरा मेला की बाईचे केस जातात, दागिने जातात, चार माणसांत तोंड दाखवणं जातं. बायको मेली की पुरुष काही दिवसांत दुसरी घरी आणतो. हा फरक तर आगरकर, रानडे, सगळ्यांनीच कुठे ना कुठे सांगितला. ताराबाई त्यावर हळहळत बसत नाहीत. त्या उलटून विचारतात की बायको मेल्यावर नवऱ्यानेही दाढीमिश्या उतरवून रानात का जाऊ नये? ही कल्पना क्षणभर खरी करून पाहा. गावातला एखादा प्रतिष्ठित माणूस, बायको गेली म्हणून मिशा काढून, पांढऱ्या कपड्यात, लग्नकार्यात मागे उभा. चित्र अशक्य वाटतं. आणि ते अशक्य वाटलं की बाईच्या बाबतीत तेच चित्र रोज डोळ्यांसमोर असून आपल्याला कसं काही वाटत नाही, ते कळतं. पानभर समजावून सांगूनही जे झालं नसतं ते एका प्रश्नाने होतं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि त्याची राज्यभर चर्चा झाली. पुस्तक आणि ठराव यांच्यात १४० वर्षं आहेत.

विधवेचा प्रश्न त्या काळी ब्राह्मणांचा मानला जाई. ताराबाई मराठा घरातल्या. पुनर्विवाहाची बंदी प्रतिष्ठेपायी इतर जातींतही कशी पसरली ते त्यांना घरातून दिसत होतं, आणि ते त्या लिहितात. पुरुषांच्या नव्या राहणीवरचा त्यांचा मारा तर आजही अंगावर येतो. बूट चढवताना, साहेबी खाणंपिणं करताना धर्म आड येत नाही. धर्म आठवतो तो बाईचा विषय निघाला की. घरातला पुरुष बदलत्या काळाबरोबर जाणार आणि जुन्याची राखण बाईच्या अंगावर टाकणार, ही वाटणी त्यांनी पाहिली. वसाहतीच्या काळातल्या स्त्रीप्रश्नावर पुढे शंभर वर्षांनी इंग्रजीत जे मोठमोठे ग्रंथ आले त्यांचा गाभाही या वाटणीपाशीच आहे.

भाषेबद्दल बोलायला हवं, कारण रस खरा तिथे आहे. ही निबंधाची नेमस्त भाषा नाही. आरंभीच त्या सांगून टाकतात की आपण घरात कोंडलेल्या, अल्पबुद्धीच्या, लिहायला नवख्या, तेव्हा भाषा कडक झाली तर सांभाळून घ्या. ही विनंती करून झाली की मग कुणालाच सांभाळून घेत नाहीत. समोर पुरुष बसला आहे असं धरून त्या त्याच्याशी बोलतात, विचारतात, त्याच्या उत्तराची वाट न बघता पुढचं विचारतात. म्हणी येतात, शिव्यांच्या काठावरचे शब्द येतात, मधेच डोळ्यांत पाणी आणणारा एखादा परिच्छेद येतो, आणि पुन्हा आवाज चढतो. विहिरीवर, ओसरीत, पाट्यावरवंट्यापाशी शतकानुशतकं बायका जे बोलत आल्या ते बोलणं पहिल्यांदा युक्तिवाद म्हणून छापलं गेलं. मोठ्यानं वाचून पाहा, श्वास कुठे घ्यायचा ते कळत नाही. त्या मराठी कादंबऱ्या-नाटकांनाही सोडत नाहीत. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' ही मराठी कादंबरीच्या अगदी पहिल्या दिवसांतली नावं. त्यांत बाई कशी रंगवली आहे, कुणाच्या सोयीनं रंगवली आहे, याचा त्या जाब विचारतात. कादंबरी नुकती जन्मली होती आणि तिची स्त्रीवादी समीक्षा बुलढाण्यात लिहून तयार होती.

मग काय झालं? टीका झाली, आणि टीका करणाऱ्यांत सत्यशोधक मंडळीही होती. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंनी छापण्यासाठी लिहिलेलं काही आपल्यापर्यंत आलेलं नाही. पुस्तक विसरलं गेलं. स. गं. मालशे यांनी ते शोधून १९७५ मध्ये पुन्हा छापलं. १९९४ मध्ये रोझलिंड ओ'हॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद मोठ्या प्रस्तावनेसह आला आणि जगभरच्या विद्यापीठांत ताराबाई पोहोचल्या. त्या कामाबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे. पण पोहोचल्या त्या कोणत्या कपाटात? बहुतेक ठिकाणी त्या वसाहतकालीन भारतातल्या एका स्त्रीचा आवाज म्हणून, साधन म्हणून वाचल्या जातात. सिमोन द बोव्हार वाचायची ती सिद्धान्तासाठी, ताराबाई वाचायच्या त्या पुराव्यासाठी. बोव्हारचं पुस्तक १९४९ चं. ती फ्रान्सबद्दल लिहिते आणि ते सगळ्या जगातल्या बायकांबद्दल मानलं जातं. ताराबाई सरळ स्त्री आणि पुरुष या दोघांबद्दल लिहितात, आणि ते बुलढाण्याबद्दल मानलं जातं.

हे मला इतकं का लागतं, त्याचं कारण आमच्या गावात आहे.

आंजी (मोठी) हे वर्धा-आर्वी रस्त्यावरचं गाव. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे, आणि आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र व भोवतालची गावं तिच्या सामाजिक आरोग्य विभागाचं कामाचं क्षेत्र. तिथल्या अमोल डोंगरे, प्रदीप देशमुख आणि बी. एस. गर्ग या डॉक्टरांचा एक शोधनिबंध २००७ मध्ये कॅनडातून निघणाऱ्या 'वर्ल्ड हेल्थ अँड पॉप्युलेशन' या नियतकालिकात आला. विषय: आंजी केंद्राखालच्या २३ गावांतल्या १२ ते १९ वर्षांच्या अविवाहित मुली आणि त्यांची मासिक पाळी. गावोगावी मुलींच्या दर महिन्याच्या बैठका झाल्या. तीन वर्षांनी पुन्हा पाहणी झाली. पाळी येण्याआधी तिच्याबद्दल ठाऊक असलेल्या मुली ३५ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर गेल्या. तयार पॅड वापरणाऱ्या ५ वरून २५ वर. कपडा धुऊन पुन्हा वापरणाऱ्या ८५ वरून ५७ वर आल्या.

हे काम मोलाचं आहे, ते मी आधी सांगते. ३५ चे ५५ होणं म्हणजे कितीतरी मुलींनी ते पहिलं रक्त पाहून घाबरायचं टळलं. आपल्याला काही भयंकर झालं, आपण मरतो आहोत, असं वाटलेली मुलगी ज्यानं पाहिली असेल त्याला हा आकडा कोरडा वाटणार नाही. आणि त्या इंग्रजी मजकुरात एक शब्द आहे तसा उभा आहे: किशोरी पंचायत. मुलींच्या त्या गटांचं नाव. त्याचं इंग्रजी केलं नाही हे बरं झालं. पंचायत म्हणजे जिथे निवाडा होतो. पाळीबद्दल बोलायला जमलेल्या मुलींना पंचायत म्हणणं यात एक मोठा विचार आहे.

तरीही संध्याकाळच्या काट्याची आठवण येतेच. आमच्या मुली बोलल्या असतील त्या त्यांच्या शब्दांत: कावळा शिवला, बाहेर बसली, विटाळ, देवाला चालत नाही. कपडा उन्हात वाळवता येत नाही. तारेवर आधी तो, त्यावर परकर, त्यावर साडी, म्हणजे घरातल्या पुरुषांना दिसू नये. या एका तारेवर स्वच्छता, लाज, देव, बाप, सासर, सगळं एकमेकांवर वाळत घातलेलं असतं. गावाकडून जगाला जातं ते टक्क्यांच्या रूपात. विटाळ ही कल्पना काय आहे, ती बाईच्या शरीराला जातीच्या शिवाशिवीशी कशी जोडते, याचा विचार करायचा अधिकार कुणाचा? तो सिद्धान्ताचा प्रांत, आणि सिद्धान्त आंजीत होत नाही अशी सगळ्यांची समजूत. आमचीसुद्धा.

बेनिन या पश्चिम आफ्रिकेतल्या देशाचे तत्त्वज्ञ पॉलँ हुंतोंजी यांनी ही व्यवस्था कच्च्या मालाच्या व्यापारासारखी आहे असं दाखवलं. वसाहतींतून माहिती गोळा व्हायची, तिच्यावर प्रक्रिया राजधान्यांत व्हायची आणि तयार माल परत यायचा. हळूहळू वसाहतीतला विद्वानही बाहेरच्या वाचकाकडे तोंड करून लिहू लागतो. वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे झाली आणि आमच्या हिंगणघाटचा नावाजलेला कापूस मुंबई बंदराकडे, तिथून विलायतेकडे जाऊ लागला. परत यायचं ते कापड. ऑस्ट्रेलियाच्या समाजशास्त्रज्ञ रेविन कॉनेल यांनी २००७ मध्ये 'सदर्न थिअरी' लिहून विचारलं की समाजाबद्दलचा सिद्धान्त फक्त उत्तरेकडच्या श्रीमंत देशांतच होतो असं आपण का धरून चालतो. लिंगभावाच्या अभ्यासालाही त्यांनी पुढे हाच प्रश्न लावला.

पण बोट फक्त विलायतेकडे दाखवून चालणार नाही. गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आपल्याच देशातल्या समाजशास्त्रांना आरसा दाखवला. सिद्धान्त मांडणारे वरचे आणि माहिती पुरवणारे खालचे, अशी चातुर्वर्ण्याच्या चालीची उतरंड इथेही आहे, असं त्यांचं म्हणणं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास 'आम्हीही इतिहास घडवला' या नावानं १९८९ मध्ये मांडला. त्याचा इंग्रजी अनुवाद २००८ चा. मधली १९ वर्षं ते पुस्तक मराठीत होतंच की! ताराबाईंनाही छापायला पुणंच गाठावं लागलं. मराठीच्या आतही एक विलायत आहे, आणि विदर्भाला ती चांगली ठाऊक आहे.

ताराबाईंची मर्यादा दिसत नाही असं नाही. चांगला नवरा मिळाला तर बाई आनंदानं पतिव्रता राहील, हा त्यांचा आदर्श आज आपल्याला पुरत नाही. सगळ्या बायकांच्या नावानं बोलताना मजूर बाईचं, महारवाड्यातल्या बाईचं जगणं त्यांच्या तागडीत फारसं येत नाही. पण हे तपासायची रीत त्यांचीच आहे. पारड्यात कोण आहे आणि कोण राहून गेलं, हे विचारायला त्यांनीच शिकवलं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या बचत गटाच्या बायका आणि काही मुली मिळून आम्ही हे पुस्तक वाचायला घेतलं. एकेक पान, मोठ्यानं. जुनी मराठी अडेल असं वाटलं होतं. अडली ती मलाच. आजी मंडळींना एकेक म्हण ओळखीची निघाली. विधुरानं मिशा काढण्याची गोष्ट आली तेव्हा आधी हशा झाला, मग एक काकू म्हणाल्या, "लिवनारीले घरात कोनी बोललं नसंन का हो?" मी सांगितलं की त्यांचं पुढचं लिखाण आपल्याकडे नाही. त्या बराच वेळ हातातल्या वाती वळत राहिल्या.

पुढच्या बैठकीला बारावीतल्या एका मुलीनं वही आणली. पानाच्या मध्ये रेघ मारून एका बाजूला 'बाई', दुसऱ्या बाजूला 'माणूस'. वेचणीची रोजी, रात्री उशिरा घरी येणं, पाळीतले दिवस, शेताच्या सातबाऱ्यावरचं नाव. दोन्हीकडे भरत गेली. आकडे तिनेच विचारले, तिनेच मांडले, आणि प्रत्येकासमोर काहून असं, हेही तिनेच लिहिलं. शेवटी एक ओळ होती: माय मेली तं बापानं काय पुसलं? ती कोणत्या बाजूला घालायची ते तिला ठरवता आलं नाही, म्हणून तिनं ती मधल्या रेघेवरून आरपार लिहिली होती.